कुठले शाहू महाराज? आणि डिबेटवाल्यांचे बाकीचे सवाल

मागच्या अंकात ह्याच पानावर म्हटलं होतं की टीव्हीवरच्या राजकीय चर्चेत इतिहासाबद्दल काही ऐकलंत आणि डोक्यात भुंगा लागला तर आम्हाला कळवा. तर कोल्हापूरकरांनी मनावरच घेतलं की राव. निम्म्या मेसेजमध्ये प्रश्नच नाही, नुसत्या अँकरला शिव्या हायत, त्या बाजूला काढून ठेवल्या (दोन-तीन मात्र लय भारी होत्या, छापता येत नाहीत एवढंच). उरलेल्यातले काही खाली घेतलेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कुणाचंच नाही, नुसती पेठ नाहीतर गाव टाकलंय.

प्रश्न: आमच्या तालमीजवळच्या कट्ट्यावर रोज रात्री नऊची डिबेट संपली की आमची डिबेट सुरू होते. परवा एक पाहुणा टीव्हीवर म्हणाला की शाहू महाराजांनी बाजीरावाला पेशवा केलं, आणि मागं स्क्रीनवर आपल्या राजर्षींचा फोटो. एक मेंबर म्हणतो टीव्हीवर दाखवलंय म्हणजे असणारच, मी म्हणतो कायतरी घोळ आहे. मिसळीची पैज लागलीय, लवकर सांगा. — शिवाजी पेठ

उत्तर: काका, पाहुणा बरोबर बोलला आणि फोटो लावणारा चुकला, त्यामुळं मिसळीचं बिल निम्मं निम्मं करा आणि कटाची वाटी तेवढी तुम्ही जास्त घ्या. बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली १७२० ला, ती दिली साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी, म्हणजे संभाजी महाराजांचे चिरंजीव, लहानपणीच मोगलांच्या कैदेत गेलेले आणि औरंगजेब मेल्यावर १७०७ ला सुटून आलेले. ते १७४९ ला वारले. आपले राजर्षी जन्मले २६ जून १८७४ ला, कागलच्या घाटग्यांच्या घरात, १८८४ ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, १८९४ ला कारभार हातात घेतला आणि १९२२ ला गेले. एक शाहू गेल्यावर दुसरे जन्मायला सव्वाशे वर्षं गेली, मग ते बाजीरावाला पेशवाई कुठनं देणार?

आणि कोल्हापूरकराला तर हे जास्तच टोचायला पाहिजे, कारण साताऱ्याचे शाहू आणि आपली गादी ह्यांचं बरीच वर्षं वाकडं होतं. शाहू सुटून आले तेव्हा ताराराणींनी त्यांचा हक्क मानला नाही, लढाया झाल्या, ताराराणींनी पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली, नंतर ती गादी त्यांच्या हातातनं सवतीच्या मुलाकडं गेली, आणि १७३१ ला वारणेचा तह होऊन वारणा ही हद्द ठरली तेव्हा कुठं मिटलं. वारणेच्या तहावर सही करणारे आपल्याकडचे छत्रपती कोण, तर संभाजी. म्हणजे परत तेच, हे १६८९ ला औरंगजेबानं मारलेले संभाजी महाराज नव्हेत, हे त्यांचे पुतणे. भोसल्यांच्या घरात आजोबाचं नाव नातवाला हा रिवाजच, त्यामुळं शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू ही नावं दोन्ही गाद्यांवर फिरत राहतात. आता २०२४ ला कोल्हापुरातनं लोकसभेवर गेले तेही शाहू महाराजच, त्यामुळं खालच्या पट्टीत नुसतं 'शाहू महाराज' आलं तर तिघांपैकी कोण ते आपणच ठरवायचं. ग्राफिक्सच्या टेबलावरच्या पोराला विषय कळतो पाच मिनिटं आधी, तो नाव टाइप करतो आणि पहिला येईल तो फोटो उचलतो. माझा साधा नियम हाय, डिबेटमध्ये कुठल्याही भोसल्यांचं नाव आलं की पहिल्यांदा साल ऐकायचं, आणि साल सांगितलंच नाही तर त्या माणसाला पुढं फार ऐकू नये.

प्रश्न: स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय सर. शके मध्ये ७८ मिळवले की इसवी सन येतं असं आम्हाला शिकवलंय. शिवजयंतीला एका चॅनेलवर वक्ते म्हणाले महाराजांचा जन्म शके १५५१. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. मग १६३० कसं? का ते वक्ते चुकले? आणि १६२७ कुठनं आलं? ग्रुपवर विचारलं तर सगळे एकमेकांची जात काढायला लागले. — राजारामपुरी

उत्तर: भावा, तुझा प्रश्न सगळ्यात आवडला, म्हणून जरा ऐसपैस सांगतो. वक्ते चुकलेले नाहीत आणि तुझं गणितबी चुकलेलं नाही, नियम अर्धाच शिकवलाय.

शकाचं वर्ष बदलतं पाडव्याला, इंग्रजी वर्ष बदलतं १ जानेवारीला. मग पाडव्यापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ मिळवायचे, आणि जानेवारी ते पुढचा पाडवा ह्या मधल्या अडीच-तीन महिन्यांत ७९, कारण तोवर इंग्रजी कॅलेंडर पुढं सरकलेलं असतं आणि शक तिथंच असतो. आता महाराजांची तिथी बघ, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. फाल्गुन म्हणजे शकाचा शेवटचा महिना, पाडवा अजून पुढं. म्हणून १५५१ अधिक ७९, झालं १६३०. दुसरी तिथी जी आधी मानत होते ती वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. वैशाख पाडव्यानंतर महिन्याभरानं येतो, तिथं ७८ चालतात, १५४९ अधिक ७८, झालं १६२७. एकाच वादात दोन्ही नियम लागतात, परीक्षेत विचारण्यासारखं हाय बघ.

फाल्गुनाची तिथी जेधे शकावलीत (जेधे घराण्यातल्या सालवार नोंदी) हाय, ती लोकमान्य टिळकांनी १९१६ ला उजेडात आणली, आणि परमानंदाच्या शिवभारतात पण तीच तिथी. शिवभारत हे महाराजांच्या हयातीतलं काव्य, त्यामुळं इतिहासकारांनी ह्या बाजूला जास्त वजन दिलं. राज्य सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ ला पक्की केली. तोवर घोळ चालूच होता, आणि तिथी का तारीख हा अजून चालूच हाय.

आता त्याच्यापुढची गंमत, डिबेटमध्ये कुणी सांगत नाही ती. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख. आपण आज भिंतीवर लावतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरनं तोच दिवस १ मार्च १६३० येतो, कारण त्या शतकात दोन्हीत १० दिवसांचा फरक होता. म्हणून तर फाल्गुन वद्य तृतीयेची शिवजयंती बहुतेक मार्चमध्ये पडते आणि सरकारी फेब्रुवारीत. इंग्रजांनी नवीन कॅलेंडर घेतलं १७५२ ला, २ सप्टेंबरला झोपले आणि उठले ते थेट १४ ला. पोर्तुगीजांनी मात्र १५८२ लाच घेतलेलं. त्यामुळं शिवकाळात मुंबई-सुरतेचा इंग्रज आणि गोव्याचा पोर्तुगीज एकाच दिवशी पत्र लिहायला बसले तरी दोघांच्या कागदावर १० दिवसांचं अंतर. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही पण जुनीच तारीख, नवीन हिशेबानं १६ जून. तेव्हा टीव्हीवर दोन विद्वान दोन तारखा घेऊन भांडत असले तर कधीकधी दोघंबी बरोबर असतात, फक्त अँकरला ते परवडत नाही.

ग्रुपवर हे सगळं टाक, आणि त्यानंतर पण कुणी जात काढली तर ग्रुप सोड, परीक्षा जवळ आलीय.

प्रश्न: आठ-आठ माणसं खिडक्यांत बसवून सगळ्यांना एकदम ओरडायला का लावतात? आणि आपल्या कोल्हापुरातला माणूस असला की तो नेहमी बावचळल्यासारखा का दिसतो? मुंबईवाले टकाटक बोलतात. — मंगळवार पेठ

उत्तर: दुसऱ्याचं आधी सांगतो, तो बावचळलेला नसतो हो. अँकर मुंबईत, तुमचा माणूस दसरा चौकात ओबी व्हॅनसमोर (लाइव्ह दाखवायची चॅनेलची गाडी) नाहीतर घरी लॅपटॉपसमोर. सॅटेलाइटवरनं सिग्नल जातो तेव्हा जवळपास ३६ हजार किलोमीटर वर आणि तेवढाच खाली, एका बाजूनं पाव सेकंद तिथंच गेला, परत यायला अजून पाव, त्यात व्हिडिओ दाबून पाठवायचा वेळ धरला तर सेकंद-दोन सेकंद सहज. त्याला प्रश्न ऐकू येऊन तो तोंड उघडतो तोवर स्टुडिओतल्या प्रवक्त्यानं दोन वाक्यं टाकलेली असतात. हा इकडं बोलायला लागला की अँकरला वाटतं मध्येच बोलतोय, तो म्हणतो थांबा थांबा, ते थांबा ह्याच्या कानात उशिरा पोचतं, तोवर ह्याचा मुद्दा निम्मा झालेला. शिवाय माइकचं बटण आत कंट्रोल रूममध्ये, कुणाचा आवाज चढवायचा आणि कुणाचा पाडायचा हे तिथं ठरतं. माझं ऐकाल तर जिल्ह्यातल्या पाहुण्यानं पहिल्या दहा सेकंदात मुद्दा सांगून टाकावा, नाहीतर 'सर्वप्रथम मी आपल्या चॅनेलचे आभार मानतो' इथंच वेळ संपते त्याची.

ओरडण्याचं कारण पैसा. एक वार्ताहर, कॅमेरामन आणि गाडी गडहिंग्लजला नाहीतर शाहूवाडीला पाठवून दिवसभर बातमी करायची तर खर्च येतो. प्रवक्ते बहुतेक फुकट येतात, उलट पक्षच पाठवतो. आणि टीआरपी मोजतात ती देशभरातली ५० हजारांहून जास्त घरं, तिथं मीटर बसवलेला असतो आणि घरातल्यानं आपापलं बटण दाबायचं असतं. देशाच्या मानानं घरं थोडी, त्यात न्यूज बघणारी अजून थोडी, त्यात मराठी न्यूज तर विचारूच नका, म्हणजे मूठभर घरांत चॅनेल बदलला तरी आकडा हलतो. ऑक्टोबर २०२० ला टीआरपी घोटाळ्याचा गाजावाजा झाला तेव्हा न्यूज चॅनेलांचे आकडे बंद ठेवले होते, ते परत सुरू झाले मार्च २०२२ ला. मधल्या दीड वर्षात आकडेच नव्हते तर लोक हळू बोलायला लागतील असं मला वाटलं होतं. कुठलं काय!

प्रश्न: सासरे रोज जेवताना डिबेट लावतात आणि टीव्हीशीच भांडतात. भाकरी हातात तशीच, रस्सा गार. डॉक्टरांनी बीपी सांगितलंय. रिमोट लपवला तर दुसऱ्या दिवशी शेजारी जाऊन बघून आले. काय करू? — कसबा बावडा

उत्तर: ताई, रिमोट लपवू नका, शेजाऱ्यांचं पण बीपी वाढंल. मामंजींना सांगा की तीच चर्चा नंतर मोबाइलवर अख्खी मिळते, मधल्या जाहिराती कमी, आणि आवडला नाही तो माणूस पुढं ढकलता येतो. ही शेवटची सोय कळल्यावर आमच्या ओळखीतल्या एका आजोबांनी लाइव्ह बघणं सोडलंच. दुसरं म्हणजे त्यांना काम द्या, चर्चेत कुणी साल, तारीख, किल्ल्याचं नाव घेतलं की वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी नगर वाचनालयात जाऊन बघायचं बरोबर का चूक. हातात पेन असलं की माणूस कमी ओरडतो. बीपीची गोळी मात्र चर्चेच्या आधी, नंतर नव्हे.

प्रश्न: एक फॉरवर्ड आलाय, १९६० ला अमेरिकेत केनेडी आणि निक्सन यांची जगातली पहिली टीव्ही डिबेट झाली, रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकला वाटलं आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी. खरं काय? — रुईकर कॉलनी

उत्तर: डिबेट झाली हे खरं, २६ सप्टेंबर १९६० ला शिकागोत. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यानं हॉस्पिटलात पडून आलेला, वजन उतरलेलं, धड मेकअप नको म्हणाला, करड्या सुटात मागच्या पडद्यात मिसळून गेला. केनेडी उन्हात प्रचार करून रापलेला, गडद सूट. दिसायला कोण भारी हा प्रश्नच नव्हता.

पण रेडिओवाली गोष्ट लय पातळ पायावर उभी हाय. ती निघते सिंडलिंगर नावाच्या कंपनीच्या एका सर्व्हेतनं. दोन हजारांवर लोकांना विचारलं, त्यात रेडिओवर ऐकणारे २८२, आणि कोण जिंकलं ह्यावर मत देणारे त्याहून कमी. शिवाय तेव्हा रेडिओवर ऐकणारे जास्त करून खेड्यातले, जिथं टीव्ही कमी, आणि त्यातले बरेच आधीपासूनच निक्सनच्या बाजूचे असणार. म्हणजे शिवाजी पेठेत उभं राहून सामना कोण जिंकणार विचारायचं आणि उत्तर अख्ख्या कोल्हापूरचं म्हणून छापायचं, तसलं. 'जगातली पहिली' हे पण सोडा. त्याच्या आधी १९५६ ला अमेरिकेतच टीव्हीवर दोन पक्षांच्या बाजूनं एलिनॉर रुझवेल्ट आणि मार्गारेट चेस स्मिथ अशा दोन बायका समोरासमोर बसल्या होत्या. दोन मोठ्या पक्षांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची पहिली, असं म्हणा, ते चालतंय. आणि फॉरवर्डमध्ये नसतं ते हे की त्यानंतर १९६४, ६८, ७२ ला एकही झाली नाही, पुढची थेट १९७६ ला. पुढं असलेल्याला मागं पडण्याची भीती, म्हणून तो येतच नाही, हे आपल्याकडं बिंदू चौकाचं आव्हान देणाऱ्यांना सांगायला नको.

प्रश्न: त्याच बिंदू चौकाबद्दल. नेते एकमेकांना 'हिंमत असेल तर बिंदू चौकात या' म्हणतात. खरंच कुणी येतं का? आणि तिथल्या पुतळ्याची काय ती ट्रिव्हिया आहे म्हणे? — गंगावेश

उत्तर: आव्हान द्यायचं, समोरच्यानं 'वेळ आणि तारीख सांगा' म्हणायचं, पोलिसांनी बंदोबस्त लावायचा, दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी घोषणा द्यायच्या आणि चॅनेलवाल्यांनी दिवसभर दाखवायचं, एवढंच होतं बहुतेक वेळा. तरी मला ही पद्धत आवडते, निदान पत्ता तरी दिलेला असतो.

पुतळ्याची गोष्ट मात्र खरी आणि अभिमानाची. ९ डिसेंबर १९५० ला बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसले, पुढाकार भाई माधवराव बागलांचा. आंबेडकर तेव्हा हयात होते, देशाचे कायदामंत्री होते, संविधान लागू होऊन वर्ष पण झालं नव्हतं. कुणी क्विझमध्ये 'आंबेडकरांच्या मृत्यूनंतर उभारलेला' असं घातलं तर हात वर करा.

प्रश्न: शिवरायांचे पुत्र राजाराम महाराज यांची समाधी इटलीत आहे असा व्हिडिओ फिरतोय, एका चर्चेत पण कुणीतरी बोललं. — उचगाव

उत्तर: परत तेच, कुठले राजाराम? ताराराणींचे पती राजाराम महाराज १७०० ला सिंहगडावर गेले. इटलीतले ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम, इंग्लंडचा दौरा करून परत येताना फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० ला वारले, वय अवघं २०. तिथं तेव्हा दहनाची पद्धत नाही, खास परवानगी काढून रात्री आर्नो नदीच्या काठावर अग्नी दिला. त्या जागी कासिने बागेत त्यांची छत्री हाय, आत रंगीत अर्धपुतळा, आणि शेजारचा मोठा पूल 'इंडियानो' ह्याच नावानं ओळखतात. व्हिडिओ पाठवणाऱ्याला शिव्या देऊ नका, जागा बरोबर सांगितलीय त्यानं, माणूस पावणेदोनशे वर्षांनी चुकला एवढंच.

प्रश्न: महाराष्ट्रात सगळ्यात कमी काळ मुख्यमंत्री कोण? आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले तेव्हा ३८ वर्षांचे होते का? डिबेटवाले रोज वेगळं सांगतात. — इचलकरंजी

उत्तर: २०१९ चं २३ ते २६ नोव्हेंबरचं फडणवीसांचं 'ऐंशी तासांचं' सरकार सगळ्यांना पाठ हाय. त्याच्या आधी हा मान होता पी. के. सावंतांचा, १९६३ च्या नोव्हेंबरात कन्नमवार पदावर असताना वारले तेव्हा आठवडाभराहून थोडे जास्त दिवस, मग आले वसंतराव नाईक आणि अकरा वर्षं हलले नाहीत. पवारांचा जन्म १२ डिसेंबर १९४०, शपथ १८ जुलै १९७८, ३७ पूर्ण आणि ३८ वं चालू. वजाबाकी करा की राव.

प्रश्न: चॅनेलनं चुकीचा इतिहास दाखवला तर तक्रार कुठं करायची? का नुसतं कॉमेंटमध्ये लिहायचं? — कागल

उत्तर: कॉमेंटनं त्यांचा फायदाच होतो. लेखी तक्रार आधी चॅनेललाच करायची, प्रत्येक चॅनेलला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो. २०२१ च्या नियमांप्रमाणं तक्रार मिळाल्याचं २४ तासांत कळवायचं आणि १५ दिवसांत निकाल द्यायचा. पटलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत चॅनेल ज्या संस्थेचा सभासद असेल तिच्याकडं, बऱ्याच न्यूज चॅनेलांसाठी एनबीडीएसए (न्यूज चॅनेलांच्या संघटनेनं तक्रारी ऐकायला नेमलेली संस्था). पण हे सगळं कार्यक्रम संहितेचा (काय दाखवू नये त्याच्या सरकारी नियमांचा) भंग झाला तरच, त्यात जाणूनबुजून खोटं आणि अर्धसत्य ह्याला मनाई हाय. चुकून लागलेल्या फोटोसाठी एवढं करू नका, साधा मेल टाका, यूट्यूबवरच्या व्हिडिओत कधीकधी दुरुस्ती होते. मुद्दाम कुणाला भडकवायला इतिहास वाकवला असेल तर मात्र सोडू नका. तारीख, कार्यक्रमाचं नाव, कितव्या मिनिटाला कोण काय बोललं ते जसंच्या तसं, आणि खरं काय त्याचा पुरावा, एवढं एका पानात बसवा. 'तुमच्या अँकरला अक्कल नाही' हे वाक्य काढून टाका, त्याला संहितेत कलम नाही.